किट कारचं इंजिन आणि गिअरबॉक्स: हिशोब मागच्या चाकापासून सुरू करा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: किट कार, म्हणजे सुटे भाग आणून स्वतः बांधायची गाडी; लोटस सेव्हन या हलक्या, उघड्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारच्या धर्तीवरची, पाइपांच्या चेसिसवरची (सांगाड्यावरची), दोन सीटची. तयार झाल्यावर वजन सहाशे किलोच्या आसपास, इंजिन पुढे, जोर मागच्या चाकांवर. चेसिस यायला अजून अवकाश आहे. दरम्यान पुढची चाकं फिरवणाऱ्या एका गाडीतलं दोन लिटरचं इंजिन तुम्हाला स्वस्तात मिळतंय आणि त्याला कुठला गिअरबॉक्स जोडावा, असं तुम्ही विचारताय. मनात व्ही-८ (आठ सिलिंडरचं इंजिन) सुद्धा आहे आणि मित्र म्हणतो, मोटारसायकलचं इंजिन टाक.

माझं उत्तर आधीच सांगतो. ते इंजिन अजून घेऊ नका. कारखान्यातूनच एकमेकांना जोडून बाहेर पडलेली इंजिन आणि गिअरबॉक्सची जोडी घ्या. जमलं तर डिफरन्शियलही (मागच्या दोन चाकांना जोर वाटून देणारा गिअरचा संच) त्याच गाडीचं घ्या आणि त्याहून जमलं तर अख्खी चालू गाडीच घ्या. आता यामागची कारणं.

बहुतेक जण इंजिनापासून सुरुवात करतात, कारण नाव इंजिनाला असतं, हॉर्सपॉवरचा आकडा इंजिनाला असतो. मी दुसऱ्या टोकाने येतो: आधी टायर, मग डिफरन्शियल, मग गिअरबॉक्स आणि सगळ्यात शेवटी इंजिन. कारण हलक्या गाडीत अडचण ताकदीची नसते, ती ताकद रस्त्यावर उतरवण्याची असते. एक उदाहरण पूर्ण सोडवून दाखवतो.

समजा १.८ लिटरची माझदा एमएक्स-५ घेतली, पहिल्या पिढीची. पाच गिअरचे रेशो (इंजिनाच्या किती फेऱ्यांना बाहेरचा शाफ्ट एकदा फिरतो तो आकडा) ३.१३६, १.८८८, १.३३०, १.००० आणि ०.८१४, डिफरन्शियल ४.१. टायर १९५/५० आर १५, म्हणजे घेर साधारण १.८१ मीटर. इंजिनाचा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, दीडशे न्यूटन मीटर धरू. पहिल्या गिअरमध्ये हा टॉर्क ३.१३६ गुणिले ४.१ पटीने वाढून चाकांवर येतो आणि टायरच्या त्रिज्येने भागला की रस्त्यावर सुमारे ६,७०० न्यूटनचा जोर होतो. घर्षणातली घट इथे सोडून दिली आहे. आता टायर किती पेलेल ते बघा. गाडी आणि चालक मिळून ६८० किलो, त्यातलं ५५ टक्के मागच्या चाकांवर, वेग घेताना मागे सरकणारा भार त्यात धरला आणि टायरची पकड चांगली मानली, तरी साडेचार हजार न्यूटनच्या वर मजल जात नाही. म्हणजे या साध्या इंजिनाचाही पहिला गिअर टायरच्या आवाक्याबाहेर आहे. दुसऱ्या गिअरमध्ये चार हजारच्या आसपास जोर मिळतो, तो जेमतेम पकडीत बसतो.

हे गणित कागदावर मांडलं की बऱ्याच गोष्टी आपोआप सुटतात. मूळ गाडी हजार किलोच्या आसपासची होती, तिच्यासाठी हे रेशो बरोबर होते. तुमची गाडी तिच्या साठ टक्के वजनाची आहे. तिला तेच डिफरन्शियल लावलं तर पहिला गिअर ७,००० आरपीएमला ५९ किमी वेगावर संपतो आणि पाचव्यात १०० च्या वेगाला इंजिन ३,०७० आरपीएमवर ओरडत राहतं. वारा अंगावर घेणाऱ्या उघड्या गाडीत लांबच्या प्रवासात तो आवाज फार थकवतो. डिफरन्शियल ३.६ च्या आसपासचं मिळालं तर पहिला गिअर ६७ पर्यंत जातो, १०० ला इंजिन २,७०० वर येतं आणि पहिल्या गिअरमधला उठावही कमी वाटत नाही, कारण जो जोर कमी झाला तो तसाही टायर जाळण्यात जात होता. म्हणून मी प्रत्येकाला सांगतो: जास्त ताकदीच्या इंजिनाआधी लांब, म्हणजे कमी आकड्याचं, डिफरन्शियल शोधा. क्राउन-पिनियन ही डिफरन्शियलमधली दातेरी जोडी बदलणं हे इंजिन बदलण्यापेक्षा कितीतरी सोपं काम आहे.

रेशो बघताना लोक फक्त पहिला आणि शेवटचा आकडा बघतात. मधल्या फटी जास्त महत्त्वाच्या. फोर्ड सिएरातला टाइप ९ हा पाच गिअरचा बॉक्स या प्रकारच्या गाड्यांत वर्षानुवर्षं बसत आलाय. चार सिलिंडरच्या गाड्यांतल्या नेहमीच्या टाइप ९ चे रेशो ३.६५, १.९७, १.३७, १.०० आणि ०.८२. पहिल्यात ७,००० पर्यंत खेचून दुसरा टाकला की इंजिन थेट ३,७८० वर पडतं. एमएक्स-५ च्या बॉक्समध्ये तेच ४,२१० वर थांबतं. खालच्या आरपीएमला दमदार ओढणाऱ्या इंजिनाला ३,७८० चालतं. पण तीव्र कॅमशाफ्टचं, पाच हजारच्या वर जागं होणारं इंजिन त्या खड्ड्यात पडलं की पुन्हा वर यायला वेळ घेतं आणि गाडी आजारी असल्यासारखी वाटते. मग माणूस कार्ब्युरेटर उघडतो, ईसीयूचं (इंजिन चालवणाऱ्या संगणकाचं) मॅपिंग बदलतो, आणि दोष असतो गिअरच्या दातांत. टाइप ९ साठी लांब पहिल्या गिअरचे संच मिळतात ते याच कारणाने. असलं इंजिन आणि हा बॉक्स अशी जोडी ठरवलीत तर त्या संचाचा खर्च पहिल्या दिवसापासून धरा.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे येतो, म्हणजे एका गाडीचं इंजिन आणि दुसऱ्या गाडीचा गिअरबॉक्स. हे होत नाही असं नाही. फोर्डच्या झेटेक आणि ड्युरटेक इंजिनांना टाइप ९ जोडण्यासाठी खास बेल हाउसिंग (इंजिन आणि गिअरबॉक्स यांना जोडणारं घंटेच्या आकाराचं कवच) मिळतात, त्यावर असंख्य गाड्या धावतायत. जिथे वाट अशी मळलेली आहे तिथे बिनधास्त जा. जिथे तुम्हीच पहिले आहात, तिथे काय काय जुळवावं लागतं ते ऐका.

पुढची चाकं फिरवणाऱ्या गाडीत इंजिन आडवं असतं. ते उभं केलं की गिअरबॉक्सकडचं टोक तुमच्या पायांपुढच्या पत्र्याला लागतं, आणि बऱ्याच इंजिनांत पाण्याचा आउटलेट किंवा कॉइल नेमकी त्याच टोकाला असते. स्टार्टर अनेकदा मूळ गिअरबॉक्सच्या कवचात बसवलेला असतो, ते कवच गेलं की स्टार्टरला जागाच उरत नाही. क्लच प्लेट अशी हवी जिचा व्यास फ्लायव्हीलला (इंजिनाच्या मागच्या जड चाकाला) जुळेल आणि स्प्लाइन (आतले दाते) गिअरबॉक्सच्या शाफ्टला. टाइप ९ चा शाफ्ट एक इंच व्यासाचा आणि २३ स्प्लाइनचा आहे, अशी माहिती तुमच्या बॉक्सची आधी लिहून ठेवा. रिलीज बेअरिंगचा प्रवास, फ्लायव्हीलची जाडी, स्टार्टरच्या दातांची खोली हे सगळं मिलिमीटरमध्ये जुळलं पाहिजे. आणि क्रँकच्या (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या) शेवटी जे छोटं बेअरिंग किंवा बुश असतं, ज्यात गिअरबॉक्सच्या शाफ्टचं टोक बसतं, त्याकडे तर सगळ्यात जास्त लक्ष हवं.

त्या बुशने मला एक इंजिन गमवायला लावलं, म्हणून ते नीट सांगतो. मी बांधलेली तिसरी गाडी होती. वेगळ्या गाड्यांचे इंजिन-गिअरबॉक्स जोडणारी तयार अडॅप्टर प्लेट विकत आणली होती. गिअरबॉक्स वर चढवला, सरकवला आणि बेल हाउसिंग इंजिनापासून तीन मिलिमीटरवर थांबलं. मला वाटलं, डॉवेल (जागा अचूक राखणाऱ्या पिना) घट्ट आहेत. बोल्ट आळीपाळीने आवळले आणि फट मिटली. हाताने क्रँक फिरवला तर जड लागला, मी तो नव्या क्लचच्या माथी मारला. गाडी चालली, छान चालली. चारशे किलोमीटरनंतर सिग्नलला क्लच दाबला की इंजिनाचा आयडल खाली बसू लागला. इंजिनाखालचं तेलाचं चेंबर उतरवलं तर तेलात राखाडी चमकणारा कीस. शाफ्टचं टोक बुशच्या तळाला टेकून क्रँकला सतत पुढे ढकलत होतं. क्रँकला पुढे-मागे सरकण्यापासून रोखणारं थ्रस्ट बेअरिंग संपलं आणि त्यापाठोपाठ क्रँकची बाजूही घासून गेली.

तेव्हापासून दोन मापं घेतल्याशिवाय मी एकही गिअरबॉक्स चढवलेला नाही. पहिलं, इंजिनाच्या मागच्या सपाट पृष्ठापासून बुशमागच्या भोकाच्या तळापर्यंतची खोली. दुसरं, बेल हाउसिंगच्या तोंडापासून शाफ्टचं टोक किती बाहेर येतं ते, अडॅप्टर प्लेटची जाडी वजा करून. टोक तळाच्या दोन-तीन मिलिमीटर आधी थांबलं पाहिजे, पण बुशमध्ये ते पुरेसं शिरलेलंही असलं पाहिजे. बॉक्स चढवण्याआधी डायल गेज (सुईचं सूक्ष्म मापक) लावून क्रँकचा पुढे-मागे होणारा खेळ मोजा आणि बोल्ट आवळल्यावर पुन्हा मोजा. दोन्ही आकडे सारखे आले पाहिजेत. दुसऱ्यांदा शून्य आला तर तिथेच थांबा. आणि बोल्टने फट कधीही ओढून मिटवू नका. बॉक्स हाताच्या जोराने पूर्ण बसला पाहिजे.

दुसरी तपासणी केंद्राची. फ्लायव्हीलवर चुंबकाने डायल गेज चिकटवा आणि त्याची सुई बेल हाउसिंगच्या मधल्या भोकाच्या कडेवर ठेवून क्रँक एक पूर्ण फेरा फिरवा. एकूण फरक ०.१३ मिलिमीटरच्या आत हवा. जास्त आला तर ऑफसेट डॉवेल वापरून बेल हाउसिंग सरकवावं लागतं. हे न केल्याची लक्षणं फसवी असतात: क्लच नीट सुटत नाही, गिअर आपोआप निसटतो, पुढचं बेअरिंग अकाली वाजू लागतं. माणूस गिअरबॉक्स पुन्हा पुन्हा उघडत बसतो आणि त्यात काहीच सापडत नाही.

एकाच घराण्यातल्या भागांतही फसगत होते. फोर्डच्या ३०२ व्ही-८ मध्ये फ्लायव्हीलचं असंतुलन मुद्दाम ठेवलेलं असतं: जुन्या इंजिनांत २८ औंसांचं, १९८१ पासूनच्या इंजिनांत ५० औंसांचं. फ्लायव्हील दोन्हीकडे बोल्टला जुळतं, पण चुकीचं लावलं तर इंजिन अशा हादऱ्यांनी चालतं की माउंटिंग तुटावं. जनरल मोटर्सच्या एलएस मालिकेत क्रँकचं टोक जुन्या स्मॉल ब्लॉकपेक्षा सुमारे १० मिलिमीटर आत आहे, त्यामुळे जुना गिअरबॉक्स बोल्टला जुळतो, पण मधे स्पेसर किंवा खास फ्लायव्हील लागतं. बोल्ट जुळला म्हणजे जोडी जुळली, असं समजू नका.

व्ही-८ बद्दल माझं मत तुम्हाला आवडणार नाही कदाचित. सेव्हनच्या चेसिसमध्ये मी तो टाकणार नाही. वर टायरचं गणित केलंच आहे, त्यात टॉर्क दुप्पट-तिप्पट केला तर तिसऱ्या गिअरपर्यंत टायर सुटत राहतील, आणि पुढच्या चाकांवर वाढलेलं वजन वळणावर गाडीची सगळी चपळाई खाऊन टाकेल. कोब्रा या जुन्या स्पोर्ट्स कारच्या धाटणीच्या मोठ्या, रुंद किटमध्ये मात्र व्ही-८ शोभतो. तिथे मस्टँगचं ३०२ आणि त्याच गाडीचा टी-५ गिअरबॉक्स ही नीट जमलेली जोडी आहे. टी-५ नाजूक म्हणून ओळखला जातो, विशेषतः तिसऱ्या गिअरच्या बाबतीत, पण हलक्या गाडीत चाकं आधी घसरतात आणि बॉक्सवरचा ताण तिथेच सुटतो. चिकट शर्यतीचे टायर लावले की ही सवलत संपते, मग ट्रेमेकच्या जड बॉक्सकडे जा. हलका व्ही-८ हवाच असेल तर रोव्हरचा ३.५ लिटरचा ॲल्युमिनियमचा आहे, मूळ ब्यूकचा, जो रोव्हरच्या गाड्यांत १९६७ पासून आला. टोयोटाचा १ यूझेड सुद्धा उत्तम इंजिन आहे, पण कारखान्याने त्याला मॅन्युअल गिअरबॉक्स कधीच दिला नाही, म्हणजे पुन्हा अडॅप्टर आणि पुन्हा वरची सगळी मापं.

मोटारसायकलचं इंजिन. मित्राला एक गोष्ट विचारा: गाडी रोज चालवायची आहे की फक्त ट्रॅकवर? सुझुकी हायाबुसासारख्या इंजिनात गिअरबॉक्स आतच असतो, सीक्वेन्शियल (गिअर क्रमाने एकेकच बदलणारा) असतो, सगळं मिळून वजन अगदी कमी, आणि पाचशे किलोच्या आतल्या गाडीत त्याचा अनुभव दुसऱ्या कशाशी तोलता येत नाही, हे मी मनापासून मानतो. पण रिव्हर्स नसतो, तो वेगळा बसवावा लागतो. क्लच मोटारसायकलच्या वजनासाठी बनवलेला असतो, चढावर गर्दीत तो तापतो. आणि एक गोष्ट पुष्कळांच्या लक्षात येत नाही: मोटारसायकल वळणावर झुकते, म्हणून तेल चेंबरच्या तळाशीच राहतं. कार झुकत नाही. लांब वळणावर तेल एका बाजूला चढतं, पंपाच्या तोंडाशी हवा येते आणि बेअरिंग काही सेकंदांत जातात. पडदे घातलेलं चेंबर किंवा ड्राय संप (तेल वेगळ्या टाकीत ठेवणारी रचना) नसेल तर हे इंजिन कारमध्ये टाकू नका. सहाशे किलोच्या, सामान घेऊन फिरायच्या गाडीत मी ते निवडणार नाही.

चेंबरचा प्रश्न कारच्या इंजिनालाही आहेच. सेव्हनचं बॉनेट बुटकं, जमिनीपासूनची उंची कमी, त्यामुळे मूळ चेंबर बहुतेकदा चेसिसच्या खाली लोंबतं. ते कापून उथळ करायचं तर तेलाची मात्रा राखायला बाजूने रुंद करा आणि आत झडपांचे पडदे घाला. चेसिसचा सगळ्यात खालचा भाग इंजिनाचं चेंबर असता कामा नये, एवढं पाळा.

मध्यभागी इंजिन असलेल्या किटचा विचार कधी केलात, तर तुमचं ते पुढचाकी इंजिन तिथे सोनं आहे. इंजिन, गिअरबॉक्स, ड्राइव्हशाफ्ट, गिअरच्या केबल हे सगळं एका गाडीतून उचलून आसनांच्या मागे आडवं ठेवायचं. तिथे अडॅप्टरचा प्रश्नच येत नाही. फक्त वेगवेगळ्या घराण्यांतले भाग मिसळणार असाल तर क्रँक फिरण्याची दिशा तपासा. होंडाची जुनी बी मालिका इतरांच्या उलट फिरते, के मालिका नेहमीच्या दिशेने. शेवरोले कोर्व्हेरचं इंजिनही उलटं फिरतं, त्यामुळे ते फोक्सवॅगन बीटलच्या ट्रान्सॲक्सलला (एकाच कवचातल्या गिअरबॉक्स आणि डिफरन्शियलला) जोडताना क्राउन व्हील दुसऱ्या बाजूला बसवावं लागतं, नाहीतर एक पुढचा आणि चार रिव्हर्स असे गिअर मिळतात.

वायरिंगबद्दल थोडंच सांगतो, पण ते टाळता येत नाही. नव्या इंजिनाचा ईसीयू किल्ली ओळखतो, पेडलचा सेन्सर मागतो, कधी एबीएसचा संदेश मागतो. त्यातलं एक नाही मिळालं तर इंजिन सुरू होत नाही किंवा अर्ध्या ताकदीवर चालतं. सुटं इंजिन विकणारा यातलं निम्मं देत नाही. अख्खी गाडी घेण्याचं हे सगळ्यात मोठं कारण. नोंदणीचे नियम जागोजागी वेगळे असले तरी धुराची कसोटी अनेकदा इंजिनाच्या वयावर ठरते, म्हणून इंजिनाचा क्रमांक आणि उत्पादनाचं वर्ष सिद्ध करणारे कागद गाडीसोबतच घ्या.

तर तुमच्या जागी मी असतो तर एमएक्स-५ किंवा तशीच इंजिन पुढे आणि जोर मागे असलेली छोटी गाडी, अख्खी, चालू स्थितीत घेतली असती. एमएक्स-५ मध्ये एक खुबी लक्षात ठेवा: तिच्या गिअरबॉक्सच्या शेपटीला स्वतःचं माउंटिंग नाही. ॲल्युमिनियमचा एक लांब बीम गिअरबॉक्सला थेट डिफरन्शियलशी जोडतो आणि दोघांना सरळ धरतो. तुमच्या किटमध्ये तो बीम ठेवायचा, आखूड करायचा की काढून मागे ब्रॅकेट द्यायचा, हे चेसिस बनवणाऱ्याला आत्ताच विचारा, कारण टनेलची (दोन सीटांमधल्या बोगद्याची) रुंदी त्यावर ठरते. ब्रॅकेट दिलात तर गिअरबॉक्सचा मागचा फ्लँज आणि डिफरन्शियलचा पुढचा फ्लँज एकमेकांना समांतर ठेवा आणि त्यांना जोडणाऱ्या प्रोपेलर शाफ्टच्या प्रत्येक क्रॉसचा (सांध्याचा) कोन एक ते तीन अंशांत राखा. सेव्हनमधला प्रोपेलर शाफ्ट आखूड असतो, त्यात थोडा फरकही कोन झपाट्याने वाढवतो. इंजिन बाजूला सरकवलं असेल तर आडवा कोनही मोजा.

गाडी मिळाली की लगेच खोलू नका. आधी महिनाभर चालवा. थंड असताना दुसरा गिअर खरखरतो का, चढावर क्लच घसरतो का, गरम झाल्यावर आयडलला तेलाचा दाब किती उरतो, हे लिहून ठेवा. मग ती उचलून, काहीही सोडवण्याआधी, बेल हाउसिंगपासून मागच्या फ्लँजपर्यंतची लांबी, गिअर लिव्हर त्या लांबीत कुठे येतो, चेंबर क्रँकच्या मध्यापासून किती खाली जातं आणि एक्झॉस्ट स्टिअरिंगच्या कोणत्या बाजूला येतो, ही चार मापं घ्या आणि चेसिसच्या ड्रॉइंगवर पेन्सिलने मांडा. वायरिंगचा प्रत्येक जोड सोडवण्याआधी त्यावर चिठ्ठी बांधा. एकही वायर कापू नका.